गोंगाटाचं गणित: गुप्ता-कुमार पुन्हा वाचताना

मागच्या भागात मी बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, 'वायरलेस नेटवर्कमध्ये माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा घटणारच, हे सिद्ध झालेलं आहे.' रेकॉर्डिंग ऐकताना मलाच ते खटकलं. सिद्ध झालंय ते एवढं मोठं नाही.

हे वाक्य येतं पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांच्या २००० सालच्या 'द कपॅसिटी ऑफ वायरलेस नेटवर्क्स' या शोधनिबंधातून. टॉवर नाही, केबल नाही. विखुरलेल्या रेडिओंनी एकमेकांचे निरोप पुढे द्यायचे. तुमच्या मंडळाच्या गणपतीत हॉलभर कानगोष्टी चालल्यात असं समजा. मोठ्याने बोललात तर निरोप लांब पोचतो, पण आजूबाजूच्यांना गप्प बसवावं लागतं. हळू बोललात तर अनेक जोड्या एकदम बोलतात, पण प्रत्येकाचा वेळ दुसऱ्यांचे निरोप वाहण्यातच जातो. ताळमेळ घातला की प्रत्येकाचा वाटा, ढोबळमानाने, संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येतो. १०० रेडिओंचे १०,००० झाले की वाटा दहापट कमी.

युक्तिवाद खरंच देखणा आहे. प्रत्येक ऐकणाऱ्याभोवती एक वर्तुळ, वर्तुळं एकमेकांवर चढायची नाहीत, आणि जागा मर्यादित. क्षेत्रफळ मोजलं की झालं!

पण गोंगाट वर्तुळात थांबत नाही, त्याची बेरीज होते. लांबचे रेडिओ क्षीण असले तरी संख्येने जास्त असतात. अंतराचा घातांक २ किंवा कमी असेल तर अमर्याद पसरलेल्या नेटवर्कात ही बेरीज फुगतच जाते. लेखकांना हे ठाऊक होतं. त्यांचं दुसरं मॉडेल बेरीज धरतं आणि घातांक २ हून जास्त मानतं. वर्तुळाला चिकटून राहिलो ते आपण, नंतरचे. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण वर्तुळांवर उभं आहे, कारण सिम्युलेशन पटकन धावायचं आणि कुणी विचारलंही नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. दोन्ही मॉडेलं दुसऱ्याच्या बोलण्याला निव्वळ कचरा मानतात. २००७ मध्ये आयफर ओझगुर, ऑलिव्हिए लेव्हेक आणि डेव्हिड त्से यांनी दाखवलं की शेजाऱ्यांनी आधी आपसांत माहिती वाटून घेतली आणि मग एकत्र, एका मोठ्या अँटेनासारखं प्रक्षेपण केलं, तर एकूण क्षमता जवळजवळ संख्येच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वाटा घटतच नाही म्हणा ना.

२००९ मध्ये फ्रान्चेस्केट्टी, मिल्योरे आणि मिनेरो यांनी मॅक्सवेलची समीकरणं पुढे केली: प्रत्येक जोडीचा मार्ग स्वतंत्र आहे हे गृहीतकच टिकत नाही, वर्गमूळ परत आलं. बरोबर कोण? २०१३ मध्ये ओझगुर-लेव्हेक-त्से यांनी दिलेलं उत्तर मला पटतं: जागा तरंगलांबीच्या किती पट आहे ते बघा.

२.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण १२.५ सेंटिमीटर. ३० मीटर लांब-रुंद हॉलची बाजू म्हणजे २४० तरंगलांब्या. स्थिरांक आणि लॉग बाजूला ठेवले, तर साधारण २४० रेडिओंपर्यंत सहकार्याला जागा मुबलक आहे. वर्गमुळाचा नियम पुरता लागू व्हायला २४० चा वर्ग, म्हणजे ५७,६०० रेडिओ लागतील. इतकी गर्दी तुमच्या मंडळात आरतीलाही होत नसेल.

तेव्हा मागच्या भागातल्या माझ्या वाक्यात 'इतरांचं बोलणं गोंगाट मानलं तर' एवढं जोडून घ्या.