डेटा जनरलचे सालदार

डीजी डॉट कॉम हा पत्ता आज फोनवर टाकला तर तुम्ही अमेरिकेतल्या डॉलर जनरल नावाच्या स्वस्त दुकानांच्या साखळीत जाऊन पोचता. साबण, चिप्स, टॉयलेट पेपर. एके काळी हा पत्ता डेटा जनरलचा होता. कॉम्प्युटर आणि त्याचं सॉफ्टवेअर दोन्ही स्वतः बनवणारी ही मॅसॅच्युसेट्समधली कंपनी १९६८ साली सुरू झाली आणि १९९९ साली ईएमसीनं ती विकत घेतली. आता ती उरली आहे ती मुख्यतः एका पुस्तकात. ट्रेसी किडरचं ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’ १९८१ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. आजही ऑफिसातला एखादा सिनिअर नव्या पोरांना ते ‘वाचच’ म्हणून सुचवतो, आणि पोरं ते वाचून रात्री जागायला तयार होतात. माझी तक्रार इथेच आहे. पुस्तक चांगलं आहे, फारच चांगलं आहे. पण ते ज्या कारणासाठी हातात दिलं जातं, ते कारण मला पटत नाही.

आधी गोष्ट. एडसन डी कॅस्ट्रो हा डिजिटल इक्विपमेंट म्हणजे डेक या कंपनीतला इंजिनिअर. तिथून फुटून त्यानं डेटा जनरल काढली आणि १९६९ साली नोव्हा हा १६ बिटांचा मिनी कॉम्प्युटर आणला. सुरुवातीची किंमत ३,९९५ डॉलर, त्या काळाच्या मानानं स्वस्तच. मग १९७७ साली डेकनं ३२ बिटांचा व्हॅक्स आणला आणि डेटा जनरलचे धाबे दणाणले. कंपनीनं आपला मोठा, मानाचा प्रकल्प नॉर्थ कॅरोलायनाला हलवला. मागे वेस्टबरोच्या तळघरात राहिलेल्यांना घेऊन टॉम वेस्टनं ‘ईगल’ नावाचं दुसरं यंत्र सुरू केलं. मोठा प्रकल्प फसला तर असू द्यावं म्हणून. अट एकच: जुन्या एक्लिप्स यंत्रावरचे प्रोग्राम नव्यावर जसेच्या तसे चालले पाहिजेत, आणि तेही आत ‘जुनं की नवं’ असा खटका न बसवता. पुढं ईगलच जिंकलं. एप्रिल १९८० मध्ये ते एमव्ही/८००० या नावानं बाजारात आलं.

किडर स्वतः इंजिनिअर नाही, आणि हे पुस्तकाचं भाग्य आहे. दोन नमुना यंत्रांना पोरांनी ‘कोक’ आणि ‘गॉलम’ अशी नावं दिली होती. त्यांच्यातल्या चुका शोधायची पानं वाचताना मला माझ्याच रात्री आठवल्या. चूक कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि हार्डवेअरवाले मायक्रोकोडवाल्यांकडे बोट दाखवतात. वेस्ट गुपचूप जाऊन एक व्हॅक्स उघडून बघतो, पाट्या काढतो, चिपा मोजतो, खर्चाचा अंदाज बांधतो. त्या रचनेत त्याला डेकचा सगळा कारभार, त्याची सावध नोकरशाही दिसते. कोड बघून त्यामागचं ऑफिस ओळखणं हे आम्ही रोज करतो. पण ते इतक्या नेमकेपणानं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता खटकणारी बाजू. ईगलवर कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं घेतली गेली. त्यांना आधी सांगितलं जाई की काम अवघड आहे, वेळेला हिशोब नाही, घरी जाणं विसरा. पोरगं हो म्हणालं की ते ‘साइन अप’ झालं. ओव्हरटाइम नाही, शेअरचं पक्कं वचन नाही. वेस्टच्या भाषेत हे पिनबॉलसारखं: जिंकलात तर बक्षीस काय, पुन्हा खेळायला मिळणं.

आमच्या वऱ्हाडात पाडव्याला सालदाराचं साल ठरतं. धान्य किती, पैसे किती, कपडा-चप्पल कोणाची, सगळं आधी बोलून. व्यवहार कठोर असतो, माणूस पिळूनही निघतो. पण कोणी त्याला असं सांगत नाही की पऱ्हाटीच्या बोंडात तुझा आत्मा आहे. डेटा जनरलनं सालदारी तीच ठेवली, फक्त बोली काढून टाकली आणि जागी आत्मा ठेवला. किडरला हे दिसत नाही असं नाही. नॅनोसेकंदांना विटून नोकरी सोडून व्हरमाँटच्या कम्यूनला निघून गेलेला पोरगा त्याच्या पुस्तकात आहे, थकलेले चेहरे आहेत, मोडकळीला आलेली घरं आहेत. पण वेस्टवर तो इतका भाळलेला आहे की सुरुवातच वादळातल्या नौकेवरच्या वेस्टपासून करतो. नायक ठरला की मजुरीचा प्रश्न क्षुद्र वाटू लागतो.

बायकांचंही तसंच. बेटी शानाहान ही हार्डवेअर गटातली एकटी स्त्री इंजिनिअर पानांमधून जवळजवळ निसटून जाते. वेस्टची सेक्रेटरी रोझमेरी सील हिला मात्र चांगली जागा मिळाली आहे, कारण सगळ्यांना सांभाळायचं काम तिच्याकडे होतं.

कंपनीचं पुढं काय झालं ते पुस्तकात येणं शक्यच नव्हतं. एमव्ही मालिका खपली, पण मायक्रोप्रोसेसर आणि युनिक्स स्वस्त होत गेले तशी ‘आमचंच यंत्र, आमचंच सॉफ्टवेअर’ ही तटबंदी ढासळली. १९८९ साली डेटा जनरलनं मोटोरोलाची चिप घेऊन एव्हियन ही युनिक्स यंत्रं काढली. ईएमसीला शेवटी हवं होतं ते तिचं क्लॅरियन हे स्टोरेज, कॉम्प्युटर नव्हे. ज्या जुन्या प्रोग्रामांसाठी ईगलच्या पोरांनी रात्री जाळल्या, ते कोणत्या कपाटात गेले देव जाणे.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर हा धागा पुण्यापर्यंत येतो. डेटा जनरलची यंत्रं भारतात विकायची पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स, आणि तिथल्या सॉफ्टवेअर गटाचे प्रमुख होते नारायण मूर्ती. पटनी सोडून निघालेल्या सातजणांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस नोंदवली. आयबीएम १९७८ सालीच देश सोडून गेली होती आणि कॉम्प्युटर आणायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. १९८३ साली इन्फोसिसनं आपला पहिला कॉम्प्युटर आणला आणि तो बंगळूरला मायको या ग्राहकाकडे बसवला. तो होता एमव्ही/८०००. म्हणजे तेच ईगल. पटनीही आता नाही. ती २०११ साली आयगेटनं घेतली आणि आयगेट २०१५ साली कॅपजेमिनीनं.

अकोला-अमरावतीच्या कॉलेजांतून पुण्याला जाणाऱ्या आम्हा पोरांची वंशावळ वेस्टबरोच्या तळघरापेक्षा या मायकोतल्या यंत्राशी जास्त जुळते. आम्ही यंत्र घडवत नाही, दुसऱ्याचं यंत्र दुसऱ्यासाठी चालवतो. किडरचं पुस्तक संपतं तेव्हा यंत्र विक्रेत्यांच्या हाती गेलेलं असतं आणि घडवणारे बाजूला उभे असतात. मला वाचायचं आहे ते त्यापुढचं पुस्तक. बंगळूरला खोकी कोणी फोडली, मॅन्युअलं कोणी पाठ केली, रात्रपाळीला कोण बसलं, त्याला किती पगार होता, आणि तो आधी ठरला होता का.