भिंतीवरची चित्रे, हरवलेल्या सह्या

बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळात कुणाला ‘तुमचा आवडता चित्रकार कोण’ असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. ‘आवडते चित्र कोणते’ असे विचारले, की माणूस थेट बैठकीत नेतो आणि भिंत दाखवतो. चिलीम हातात घेतलेले गजानन महाराज, जिजाऊ आणि बाळ शिवबा, निळ्या कोटातले बाबासाहेब आणि शेजारी बुद्ध, मेहकरचे शारंगधर बालाजी, काही घरांत मक्का-मदिना आणि सैलानी बाबांचा दर्गा, देवघराच्या वर कमळात उभी असलेली लक्ष्मी. या चित्रांना हार घातला जातो, घर रंगवताना ती आधी उतरवून ठेवली जातात, लेक सासरी जाताना त्यांतले एखादे तिच्याबरोबर जाते. चित्रांवर इतका जीव लावणाऱ्या समाजाला चित्रकार ठाऊक नसावा, ही आपल्या चित्रकलेची आजची अवस्था आहे. तिचा दोष पाहणाऱ्यांच्या माथी मारून समीक्षकांना मोकळे होता येणार नाही.

लक्ष्मीपासूनच सुरुवात करू. चार हात, पायाखाली कमळ, बाजूला हत्ती: ही लक्षणे फार जुनी, पण आज भिंतीवर दिसते ते तिचे रूप राजा रविवर्म्याने घडवले. १८९४ साली त्याने मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला नेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक नेमका बसणारा ठसा आणि शेवटी तैलरंगाची चमक देणारे वार्निश अशी ती प्रक्रिया होती. छापखान्यावर कर्ज झाले, तेव्हा त्याने तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्याचे काम करत होते. या प्रतींनी देव गाभाऱ्यातून घरात आणला, आणि ज्यांना गाभाऱ्यात पाऊल टाकू दिले जात नव्हते त्यांच्याही घरात आणला. हे काम त्या काळच्या कोणत्याही भाषणाने केले नसेल. शिवाय केरळच्या या चित्रकाराने आपल्या कितीतरी नायिकांना नऊवारी नेसवली. त्यामुळे मराठी घरातल्या बाईला चित्रातली देवी परकी वाटली नाही. बायका या प्रतींवर जरी आणि टिकल्या शिवत, देवीला खरे वस्त्र चढवत. चित्र विकत घेऊन त्यात आपल्या हाताचे काम मिसळणारा असा प्रेक्षक आजच्या दालनांनाही मिळत नाही.

रविवर्म्याचे नाव निदान उरले. इतके उरले, की दुसऱ्यांची चित्रेही त्याच्या नावावर जमा झाली. तळहाताने ज्योत झाकून उभी असलेली, बोटांच्या फटींतून लालसर उजेड पाझरणारी ती तरुणी आपण कॅलेंडरांवर वर्षानुवर्षे पाहिली आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते मूळ चित्र सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९४५-४६च्या सुमारास रंगवले आणि त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. ते जलरंगात आहे, ही गोष्ट चित्रकलेचे विद्यार्थीही चटकन मानत नाहीत. तैलरंगात चूक झाकता येते. जलरंगात पांढरा कागद राखून ठेवूनच उजेड दाखवावा लागतो. एकदा काळोखाचा रंग चढला की तो उजेड परत येत नाही. बोटांच्या कडांवरचा तो तांबूसपणा राखणे हे थोर कसब आहे. ज्या घरात संध्याकाळी दिवा लावताना हात आपोआप ज्योतीभोवती जातो, त्या घराला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. लोक त्याला रविवर्म्याचे म्हणतात, तेव्हा त्यांची नजर चुकलेली नसते. चित्राखाली नाव छापण्याची तसदी कुणी घेतलेली नसते.

कॅलेंडरचे चित्र म्हटले, की आपल्याकडे शिकलेल्या माणसाच्या कपाळावर आठी येते. मला ही आठी मान्य नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे जे. जे. स्कूलचे नामांकित शिक्षक. त्यांनी औंधच्या राजांसाठी शिवचरित्रातले प्रसंग रंगवले आणि तितक्याच मनाने पोस्टकार्डे, जाहिराती आणि पुस्तकांची चित्रेही काढली. दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू करून मराठी मध्यमवर्गाला वर्षातून एकदा तरी चांगले चित्र हातात धरायला दिले. रघुवीर मुळगावकरांनी (मृत्यू १९७६) फवाऱ्याच्या तंत्राने देवांच्या अंगावर जी मऊ झळाळी आणली, तिला ‘गुळगुळीत’ म्हणून हिणवले गेले. ती गोड आहे, कधी फार गोड आहे, हे खरे. पण मुळगावकरांची बोटे पाहा, पापण्या पाहा: शरीररचनेचा कसून अभ्यास केलेल्या माणसाचे ते काम आहे. गावाकडचा प्रेक्षक ‘भाव उतरला आहे’ एवढेच म्हणतो. त्या तीन शब्दांत समीक्षकाने मोजायच्या सगळ्या गोष्टी येतात: डोळ्यांची दिशा, ओठांची घडण, मानेचा कल.

आणि चुकीचे चित्र लोक चालवून घेत नाहीत. शिवाजी महाराजांच्या बाबतीत हे दिसते. एके काळी इब्राहिमखान नावाच्या भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली युरोपीय संग्रहातले समकालीन चित्र समोर आणले आणि ते प्रकरण मिटले. आज सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत दिसते ते शासनमान्य चित्र कोल्हापूरच्या जी. कांबळे (१९१८–२००२) यांचे. सिनेमाची पोस्टरे रंगवून त्यांचा हात तयार झाला होता. लांबून ओळख पटली पाहिजे आणि जवळून भाव कळला पाहिजे, हे पोस्टरवाल्यालाच नीट माहीत असते. त्यांच्या महाराजांच्या चेहऱ्यावर राग नाही. राज्य चालवणाऱ्या माणसाचे शांत, सावध डोळे आहेत. जिजाऊंच्या जिल्ह्यात, सिंदखेडराजाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आम्हांला तो चेहरा घरातला वाटतो. उलट, अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत महाराजांना पैलवानाचे दंड आणि जळती नजर दिलेली असते, मागे भगवा धूर असतो. हा महाराजांचा अपमान आहे असे मी म्हणणार नाही, काढणाऱ्याच्या मनात भक्तीच असते. पण चित्र म्हणून ते कमजोर आहे. त्यात पराक्रम आहे आणि विचार नाही, आणि विचाराशिवाय तो माणूस कळत नाही.

बाबासाहेबांच्या चित्राची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांची चित्रे बहुतेक छायाचित्रांवरूनच तयार झाली, त्यामुळे चित्रकाराला कल्पनेची मोकळीक कमी होती. तरी लोकांनी त्यातून काय निवडले ते पाहण्यासारखे आहे: कोट, टाय, चष्मा, खिशाला पेन आणि हातात पुस्तक. देवाच्या हातांतली आयुधे आपण ओळखतो. इथे आयुधांच्या जागी पुस्तक आणि पेन आले, आणि ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकू दिले नव्हते त्यांच्या भिंतीवर आले. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत जुने फोटो उतरले आणि बुद्ध व बाबासाहेब शेजारी शेजारी लागले. भारतीय कलेच्या इतिहासात घरगुती चित्रसंग्रह इतक्या थोड्या काळात आणि इतक्या जाणीवपूर्वक बदलल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. या बदलावर आपल्या कलासमीक्षेत जेवढे लिहिले जायला हवे होते, तेवढे लिहिले गेले नाही.

गजानन महाराजांचे चित्र तर आमच्या भागाचे आहे. महाराज १८७८ साली शेगावला प्रकट झाले, १९१० साली समाधिस्थ झाले. पंढरपूरहून परतणारी त्यांची पालखी लोणार, मेहकर, जानेफळ, शिर्ला नेमाने, आवार, खामगाव करत शेगावला पोचते, आणि त्या दिवशी गावातल्या घरोघरच्या फोटोंना ताजे हार असतात. या चित्रात मुकुट नाही, दागिना नाही, सिंहासन नाही. पायावर पाय टाकून बसलेला उघड्या अंगाचा, काटक हातापायांचा माणूस आहे. कोरडवाहू शेतात आयुष्य काढलेल्या आजोबांचे शरीर आणि हे शरीर एकाच घडणीचे आहे. रविवर्म्याच्या लक्ष्मीकडे लोक सुबत्ता मागायला पाहतात. या चित्राकडे पाहताना काही मागावेसेही वाटत नाही, असे मी कितीजणांकडून ऐकले आहे. हे पहिल्यांदा कागदावर कुणी उतरवले असेल, त्या हाताचे श्रेय कुणाच्याच नावावर नाही.

श्रावणात देवघराशी लागणारा जिवतीचा कागद मला या सगळ्यांत सर्वांत जुन्या वळणाचा वाटतो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांना अंगाखांद्यावर घेतलेल्या जिवत्या, हत्ती आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. चार चौकटी, स्वस्त कागद, भडक शाई. शुक्रवारी आई त्याची पूजा करते आणि मुलांना ओवाळते. त्यातली रेघ अजून जाड आणि निर्भीड आहे, कारण तिला खरे दिसण्याचा मोह कधी झालाच नाही. चित्रकलेच्या वर्गात रेषा शिकवताना हा कागद समोर ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

कुणी म्हणेल, चित्रकार अनामिक असणे ही आपली परंपराच आहे. अजिंठ्याला कुणाची सही आहे? अजिंठ्याचा डोंगर आमच्या जिल्ह्यातून जातो, म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही. पाचव्या शतकात ही लेणी रंगली तेव्हा वाकाटक राजा हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातले वाशीम होते. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे करवले, तसा शिलालेख तिथे आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, निळे कमळ धरलेला आणि जगाचे दुःख पाहून पापण्या खाली झुकलेला, ज्या भिंतीवर उभा आहे ती आपल्याला ओळखीच्या गिलाव्याची आहे: माती, कोंडा, झाडांचे तंतू, वर चुन्याचा हात. रंग गेरूचे, पिवळ्या मातीचे, काजळीचे. निळा दगड मात्र दूर अफगाण मुलखातून आला. रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४४पासून वर्षानुवर्षे काढलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या आगीत गेल्या. जे. जे.चे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा काढलेल्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ साली तिथेच जळाल्या. मूळ भिंत टिकली. त्या चित्रकारांची नावे गेली हे खरे, पण त्यांच्या मागे संघ होते, उस्ताद होते, खर्च उचलणारे राज्य होते. आजचा अनामिकपणा तसा नाही. आज चित्राला माणसाचा हातच लागेनासा झाला आहे.

गावात पूर्वी पेंटर असे. दुकानाची पाटी, ट्रकची मागची फळी, लग्नघराच्या भिंतीवरचे हत्ती आणि कलश, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, सगळे त्याचेच. कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत आपले नाव टाकायचा. देवनागरी अक्षराला छाया देणे, वळणाला पोट देणे, शिरोरेघ ओळीत राखणे ही मोठी कला होती, आणि गेलेल्या कलांमध्ये मला तिचेच सर्वांत जास्त वाईट वाटते. फ्लेक्स आला आणि चौरस फुटाच्या भावाने सगळे छापून मिळू लागले. त्यावरची सही फार तर छपाईवाल्याच्या मोबाइल नंबरची. कासरगोडच्या करण आचार्य या तरुणाने २०१५ साली गावातल्या मंडळासाठी काढलेला करारी हनुमान देशभरच्या गाड्यांच्या काचांवर गेला, आमच्याकडच्या जीपवरही आला. त्यात जोर आहे, आकाराची उत्तम समज आहे. त्याचे नाव मात्र गाडीच्या मालकाला माहीत नसते.

नाव मोठे झाले, तरी ते इथे पोचतेच असे नाही. नागपूरला १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचे १९६१चे एक चित्र २०२१ साली सुमारे ४० कोटी रुपयांना विकले गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. विदर्भात जन्मलेला हा चित्रकार विदर्भातल्या खेड्यात कुणाच्या कानावर पडलेला नाही. त्यांची अमूर्त चित्रे लोकांना कळणार नाहीत, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे. सारवलेल्या भिंतीवर पोतेऱ्याचे थर पाहत वाढलेल्या माणसाला गायतोंड्यांच्या कॅनव्हासवरचे रंगाचे थर कळणार नाहीत, यावर माझा विश्वास नाही. दाखवले कुणी?

दाखवायची जागा शाळा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना अजून खेड्यातली मुले बसतात, आणि दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून का होईना, स्मरणचित्रात पोळ्याचे बैल आणि बाजार काढतात. तिथे अक्षरलेखनाचाही अभ्यास आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे तो शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेसाठी. लहान गावांच्या शाळा तिथेच वगळल्या जातात, आणि मोठ्या शाळेलाही अर्धवेळ माणूस. त्या मुलांच्या घरी रविवर्मा, हळदणकर, मुळगावकर, कांबळे असू शकतात, आणि शाळेत त्यांचे नाव निघत नाही.

जानेफळच्या एखाद्या शाळेच्या ओसरीत पाच-सहा चांगल्या छापील प्रती लावता येतील. लक्ष्मी, दिवा घेतलेली मुलगी, शिवाजी महाराजांचे चित्र, गायतोंड्यांचा एक कॅनव्हास, जिवतीचा कागद आणि पद्मपाणी. प्रत्येकाखाली कोणी काढले, कशाने काढले आणि मूळ कुठे आहे, ते गावात अजून ब्रश धरणारा एखादा पेंटर असेल तर त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि त्याला कोपऱ्यात त्याचेही नाव टाकू द्यावे. पद्मपाणीखाली चित्रकाराचे नाव लिहिता येणार नाही. तिथे ‘वाकाटक काळ, पाचवे शतक, राजधानी वाशीम’ एवढे लिहिले, तरी वाशीमच्या एसटीत बसणारी मुले खिडकीतून बाहेर जरा वेगळ्या नजरेने पाहतील.