एकाच पटावरची लढाई

मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथाच्या नावातच खेळ आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित केल्या. त्यातली प्रत्येक आठवण म्हणजे एक ‘लीळा’. लीळा म्हणजे क्रीडा आणि लीळा म्हणजे अवताराची कृतीही. असा शब्द घरात असताना मराठी समीक्षेने व्हिडिओ गेमला पोराटोरांचा विषय म्हणून बाजूला ठेवावे, याचे नवल वाटते. खेळ वाचायचा कसा, हा प्रश्न येथे एका खेळापुरता तपासायचा आहे.

‘पझल क्वेस्ट: चॅलेंज ऑफ द वॉरलॉर्ड्स’ हा खेळ 2007 साली निन्टेन्डो डीएस आणि प्लेस्टेशन पोर्टेबल या हातात धरून खेळायच्या यंत्रांवर आला. ऑस्ट्रेलियातल्या इन्फिनिट इंटरॅक्टिव्हने तो घडवला. त्याचे कर्ते स्टीव्ह फॉकनर हे ‘वॉरलॉर्ड्स’ या जुन्या युद्धखेळांचेही कर्ते. आठ बाय आठ घरांचा पट, त्यावर रंगीत रत्ने. शेजारच्या दोन रत्नांची अदलाबदल करून तीन सारखी ओळीत आणायची. ‘कँडी क्रश’मुळे ही जुळवणी आज घरोघरी ठाऊक आहे. येथे तिच्याभोवती एक साहसकथा गुंफली आहे: एथेरिया नावाचा देश, मृतांचे सैन्य घेऊन उठलेला बेन, आणि त्याच्याशी लढणारा नायक.

ही कथा नुसती शब्दांत वाचली तर शिळीच आहे. राणीचे हुकूम, राक्षसांच्या टोळ्या, सरळ सज्जन आणि सरळ दुर्जन. पण खेळाचा खरा आशय संवादांत नसून नियमांत आहे. लाल, पिवळी, हिरवी, निळी रत्ने जुळली की त्या त्या रंगाची मंत्रशक्ती साठते. कवट्या जुळल्या की शत्रूला घाव बसतो. नाण्यांनी सोने मिळते, जांभळ्या ताऱ्यांनी अनुभव. आणि पट दोघांत एकच. तुम्ही तीन निळी रत्ने उचलता, वरची खाली घसरतात, आणि त्या घसरणीत शत्रूसाठी तीन कवट्यांची सोय होऊन बसते. म्हणून जाणता खेळाडू दोन हिशेब एकदम करतो: मला काय मिळेल आणि माझ्यामागे काय उरेल. कथा सांगते, नायक आणि खलनायक दोन टोकांचे. नियम सांगतो, दोघेही एकाच विहिरीवर पाणी भरतात. या दोहोंत नियमाचे म्हणणे अधिक प्रौढ आहे.

शहर जिंकणे, पकडलेल्या जीवाकडून मंत्र शिकणे, शस्त्र घडवणे ही सगळी कामेही येथे रत्नजुळवणीनेच होतात. नायकाची कृती आणि खेळणाऱ्याचा खेळ यांत फट राहत नाही. लीळा या शब्दाचा जुना जोडअर्थ येथे निराळ्या वाटेने भेटतो.

वरून काय पडेल हे मात्र दैवाच्या हाती. शत्रूच्या बाजूने रत्नांची लड लागली की यंत्र लबाडी करते, अशी ओरड अनेक खेळाडूंनी केली. फॉकनर यांनी ती नाकारली. या तक्रारीत यंत्रापेक्षा माणूस अधिक दिसतो. आपल्या वाट्याची लड ही हुशारी, दुसऱ्याची ती लबाडी! जीव पकडायच्या कोड्यात मात्र नवी रत्ने पडतच नाहीत. पट पूर्ण रिकामा करायचा असतो, आणि चुकलो तर दोष द्यायला दैव उरत नाही.

पराभवाबाबत हा खेळ विशेष उदार आहे. डाव हरला तरी त्यात मिळवलेले सोने आणि अनुभव खेळाडूकडेच राहतात. 2012 साली आलेल्या ‘कँडी क्रश सागा’शी ताडून पाहावे. तेथे पाच जीव मिळतात, हरले की एक जातो, तो परत यायला अर्धा तास थांबावे लागते किंवा पैसे मोजावे लागतात. जुळवणी तीच, पण एक खेळ पराभवाकडे शिकवणी म्हणून पाहतो, तर दुसरा उत्पन्नाची संधी म्हणून.

‘पझल क्वेस्ट’ निर्दोष नाही. लढाया फार आणि एकसारख्या आहेत. पुढे मंत्र इतके प्रबळ होतात की शत्रूला चालच मिळेनाशी होते. मग एका पटावर दोघे, हा खेळाचा प्राणच विरळ होतो. हा दोष कथेचा सारांश सांगून ध्यानात येत नाही, तो नियम वाचल्यावरच दिसतो. आज मोबाइलवरचे खेळ आपल्या मुलांचाच नव्हे, आपलाही वेळ घेत आहेत. त्यांना चांगले किंवा वाईट ठरवण्याआधी, ते हरलेल्याला कसे वागवतात एवढे तरी समीक्षेने पाहावे.