टेढी खीर आणि मोबाइलवरचं प्रवचन



आज एका आवाजाची समीक्षा करायची आहे. सत्यनारायण गोयंका १९६९ साली म्यानमारहून भारतात आले, आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली विपश्यना शिकवू लागले. २९ सप्टेंबर २०१३ रोजी ते गेले. तरी इगतपुरीच्या धम्मगिरीवर आजही संध्याकाळी सात वाजता तेच बोलतात. समोर सहायक आचार्य असतात, पण शिकवण ध्वनिमुद्रित.

याला 'टेपवरचा धम्म' म्हणून हसणारे भेटतात. मला ते हसणं उथळ वाटतं. अहो, बुद्धवचन लिहून ठेवण्याआधी कित्येक पिढ्या पाठांतरानंच टिकलं! ऐकून शिकणं ही धम्मातली जुनी रीत आहे. शिवाय मुद्रणामुळे एक झालं, शिकवणीत जो तो आपलं मीठ घालू शकला नाही.

पण हे प्रवचन कोणासाठी घडवलंय, ते बघा. पहाटे चारला उठलेला, दिवसभरात दहा-एक तास बसलेला, मौन पाळणारा, गुडघे ठणकणारा माणूस त्याच्यासमोर आहे. आज तुमचे पाय दुखले असतील, पळून जावंसं वाटलं असेल, असं ते म्हणतात तेव्हा ऐकणारा दचकतो. यांना कसं कळलं? पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, दहाव्या दिवशी मैत्री, हा क्रम प्रवचनाच्या हाडात आहे. गोयंकांची हिंदी मारवाडी वळणाची, सावकाश. शब्दाचा शेवट लांबवायची सवय. थकलेल्या शरीराला ती संथ लय विसावा देते. एसटीत हेडफोन लावून ऐकणाऱ्याला तीच कंटाळवाणी वाटते, मग तो वेग दीडपट करतो.

त्यांची एक गोष्ट आहे. 'टेढी खीर' या हिंदी वाक्प्रचाराचा अर्थ अवघड काम. आंधळा मुलगा विचारतो, खीर कशी असते? पांढरी. पांढरं म्हणजे? बगळ्यासारखं. बगळा कसा? मित्र हात वाकडा करून दाखवतो. आंधळा चाचपतो आणि म्हणतो, म्हणजे खीर वाकडी असते तर! वर्णनानं खीर कळत नाही, खावी लागते. हे सांगताना गोयंका आपल्याच मुद्रित प्रवचनाची मर्यादा सांगून जातात. मोबाइलवर सातव्या दिवसाचं प्रवचन आधी ऐकणारे आपण बगळाच चाचपत असतो.

तरी आपल्या बुलडाण्यात माणूस मोबाइलकडे का वळतो? शिबिराला शुल्क नाही, राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून. मलकापूरहून इगतपुरीची गाडीही मिळते. पण सोयाबीनच्या सोंगणीत दहा दिवसांची मजुरी कोण भरून देणार? आणि घरची बाई दहा दिवस बाहेर राहिली तर चूल कोणी पेटवायची? शिबिर फुकट असलं तरी वेळ फुकट नाही. हे न बघता 'शिबिरालाच या' म्हणणं मला पटत नाही.

दुसरी अडचण खोल आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरचा आपला श्रोता बाबासाहेबांचा प्रश्न घेऊन बसतो. 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी विचारलंय की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा की समाजसेवक? प्रवचनात दुःखाचं मूळ आपल्या तृष्णेत. मग विहारातला एखादा पोरगा म्हणतो, "पाणवठ्यावर अडवलं ते दुःख कोणाच्या तृष्णेचं? इचारायचं कोणाले?" मुद्रण ऐकवतं, ऐकून घेत नाही. शिबिरात आचार्यांना भेटता येतं खरं, पण तिथंही चर्चा साधनेपुरती. तात्त्विक वादाला जागा नाही. म्हणजे दोष एकट्या यंत्राचा नव्हे.

माझं मत विचाराल तर श्वासावर लक्ष ठेवायची आनापानाची छोटी सूचना घरी लावायला हरकत नाही. ती त्याच बेतानं केलेली आहे. पूर्ण विपश्यना मात्र त्या क्रमातून, शिबिरातच. प्रवचनं विहारात ऐकायची तर एकट्यानं कानात घालून नको. दहा-बारा जण बसा, खिरीची गोष्ट संपली की थांबवा, आणि कोपऱ्यातल्या आजीला विचारा, "आजी, तुम्हाले काय वाटलं?" ती बोलेस्तोवर पुढचं लावू नका.