गोधडी: ठिगळाचे कौतुक आणि टाक्याची उपेक्षा

घराघरांत रोज वापरली गेलेली आणि तरीही कला म्हणून फार उशिरा दखल घेतली गेलेली वस्तू म्हणजे गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेलगत कौदी. नाव कोणतेही असले तरी जुन्या लुगड्या-धोतरांचे पदर, म्हणजे थर, एकावर एक घालून ते हाताच्या धावदोऱ्याने एकजीव करणे हा तिचा गाभा सारखाच राहतो. पांघरूण म्हणून तिचा बोलबाला अधिक झाला असला, तरी तिचा निम्मा संसार जमिनीवरच झाला आहे. शेणाने सारवलेल्या गार भुईवरचे अंथरूण, आल्यागेल्याला बसायला टाकायची घडी, बाळाच्या अंगाखालचे दुपटे आणि जेवायला बसताना घ्यायचे बस्कर ही सगळी तिचीच लहानमोठी रूपे आहेत. या कलेची आजची स्थिती तपासताना जमिनीवरचा हा वापर बाजूला ठेवला, तर तिच्यातले कसब नेमके कशात आहे हे कळत नाही.

हे कसब रंगसंगतीपेक्षा टाक्यात आहे. ओसरीवर किंवा अंगणात सर्वांत धडधाकट लुगडे तळाला पसरून, त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणले जाते. त्यावर विरलेली धोतरे, उसवून सपाट केलेले सदरे आणि परकरांचे घेर भरले जातात. वरून दुसरे लुगडे किंवा ठिगळांची रचना येते आणि सगळे थर कच्च्या टाक्यांनी टाचून घेतले जातात. मग पक्की शिवण काठापासून सुरू होते आणि शिवणारी बाई चारही बाजूंनी फिरत आत आत सरकते, त्यामुळे टाक्यांच्या ओळींच्या एकात एक बसलेल्या चौकटी तयार होतात. पाश्चात्त्य क्विल्टिंगमध्ये सामान्यतः याच्या उलट, मध्यापासून कडेकडे शिवत जातात, कारण त्यामुळे कापडातली ढिलाई बाहेर ढकलली जाते. गोधडीत मात्र काठ आधी बांधला गेल्यामुळे ढिलाईला बाहेर पडायला वाट नसते आणि प्रत्येक ओळीत ती थोडी थोडी जिरवत न्यावी लागते. ती जिरली नाही तर मध्यभागी फुगा येतो, आणि दोरा जास्त ओढला गेला तर कडा उचलून सगळी गोधडी परातीसारखी खोलगट होते. शिवणारीचा हात किती तयार आहे हे मधल्या वीतभर जागेत कळते, आणि कोणत्याही समीक्षेने आधी पाहायची जागा ती आहे.

या टाक्याची कसोटी वापरात लागते. घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची रीत अनेक गावांत आहे. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, ती दोघींनी मिळून पिळावी आणि दगडावर आपटावी लागते, आणि टाका विरळ असेल तर आतले थर सरकून त्यांचे गोळे होतात. जमिनीवर अंथरायच्या वाकळेला घासणे आणि ओढणेही सोसावे लागत असल्यामुळे तिची शिवण पांघरुणापेक्षा दाट ठेवणे भाग पडते. तिचे सौंदर्य या गरजेतून आलेले आहे.

कलेचा पाया डळमळला तो कापडामुळे. नऊ वारांचे, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबीचे सुती लुगडे वर्षानुवर्षांच्या धुण्याने मऊ पडत असे, घाम शोषत असे आणि त्यात सुई सहज उतरत असे. कृत्रिम धाग्याच्या पाचवारी साड्या घरोघरी रुळल्यावर गोधडीच्या हाती आलेले जुने कापड वेगळे झाले: ते विरत नाही म्हणून मऊही पडत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, आणि उन्हाळ्यात त्यावर निजणाऱ्याला ते चिकटते. याच काळात गाद्या, पलंग आणि फरशीची जमीन आली, गिरणीची चादर स्वस्त झाली, आणि घरासाठी वाकळ शिवण्याची निकड ओसरली.

बंगालच्या कांथ्याशी, म्हणजे तिकडच्या थरांच्या शिवणकामाशी, तुलना केली तर आणखी एक उणीव दिसते. गुरुसदय दत्त यांनी कांथे जमवले, जसीमुद्दीन यांचे ‘नक्षी कांथार माठ’ हे काव्य 1929 मध्ये आले, स्टेला क्रामरिश यांनी 1939 मध्ये कांथ्यावर स्वतंत्र लेख लिहिला. हत्ती, कमळे, रथ अशी वाचता येणारी चित्रे अंगावर असल्यामुळे त्या कलेला संग्राहक आणि भाष्यकार लवकर भेटले. गोधडीची भाषा भूमितीची, म्हणून ती मुकी समजली गेली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदी या गोधडीकडे हेन्री ड्रूवल यांच्यासारख्या अभ्यासकांचे लक्ष या शतकात गेले. तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांचे ‘फूल’ असते आणि तिचीही शिवण काठाकडून आत जाते. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केले, हे मोलाचे काम आहे. मराठी कलासमीक्षेने मात्र गोधडीकडे बहुतेक वेळा मायेचे प्रतीक म्हणून पाहिले, आणि प्रतीकाचे टाके कोणी मोजत नाही.

आज शहरी दुकानांत गोधडी या नावाने जे विकले जाते, त्यात बरेचदा नवे छापील कापड मुद्दाम कापून चौकोन केलेले असतात, आत कृत्रिम कापसाचा थर असतो आणि शिवण यंत्रावरची असते. वस्तू देखणी असते, तिच्यावर बचत गटांतल्या अनेक स्त्रियांची मिळकत उभी राहते, आणि त्या मिळकतीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु किंमत आकार आणि रंग पाहून ठरत असल्यामुळे, कित्येक दिवस बसून हाताने दाट शिवणारीला आणि दोन तासांत यंत्रावर रेघा मारणारीला जवळपास सारखाच भाव मिळतो. हा या पुनरुज्जीवनाचा मोठा दोष आहे, आणि त्याचा परिणाम उघड आहे: जाणत्या बायका टाका विरळ करू लागतात.

त्या मानाने बस्कर आणि पायपुसणे या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये जुने कसब अधिक शाबूत आहे. बस्कर हातभर चौरस असते, त्यात चार-पाच पदर घट्ट बसवावे लागतात, आणि जुन्या सुती साडीचा एखादा तुकडा त्याला पुरतो. पायपुसण्यासाठी साडीच्या पट्ट्यांची वेणी घालून ती गोल गुंडाळत दोऱ्याने जोडतात. दोन्ही कामे दुपारच्या फावल्या वेळात उरकतात, या वस्तू धुतल्यावर लगेच वाळतात, आणि फरशीच्या घरातही त्यांची गरज संपलेली नाही. या वस्तू प्रदर्शनात मांडल्या जात नाहीत, त्यांची छायाचित्रे निघत नाहीत. मोठ्या गोधड्यांचीही छायाचित्रे भिंतीवर टांगलेल्या पुढच्या बाजूचीच असतात. पाठीकडची शिवण, काठावरचा पहिला टाका आणि मध्यातला शेवटचा टाका यांची नोंद हवी आहे, आणि ती करायची तर ज्या बायकांच्या बोटांत हे मोजमाप आहे त्यांच्याशेजारी बसून, त्या शिवत असतानाच करावी लागेल.