अज्ञात म्हणण्याचें धैर्य

सन २०२२ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिलची, सायंकाळ विदर्भांतील लोक सहजासहजीं विसरणार नाहींत. आकाशांतून जळत जाणाऱ्या वस्तूंची रांग अनेक जिल्ह्यांतून दिसली. कोणी तिला उल्का म्हटलें, कोणी विमान, कोणी परग्रहावरील पाहुणे. पुढें चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी येथें धातूचें एक मोठें कडें सांपडलें आणि तर्काला आधार मिळाला. चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असें जाणकारांनीं सांगितलें. पण कडें सांपडलें नसतें तर? केवळ साक्षींवर निर्णय कसा करावा? ह्या प्रश्नानें मला एडवर्ड रपेल्ट ह्यांच्या अनोळखी उडत्या वस्तूंवरील १९५६ सालच्या इंग्रजी ग्रंथाकडे पुन्हां वळविलें.

रपेल्ट हे अमेरिकन वायुदलांतील कॅप्टन. १९५१ पासून १९५३ पर्यंत अशा वार्तांची सरकारी चौकशी त्यांच्याकडे होती. ग्रंथाचा उत्तम भाग म्हणजे जुलै १९५२ मधील वॉशिंग्टन शहराचें प्रकरण. १९ तारखेच्या रात्रीं विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले. लढाऊ विमानें येतांच ते नाहींसे झाले, विमानें परततांच पुन्हां दिसूं लागले. आठवड्यानें तसाच प्रकार घडला. आणि चौकशी-अधिकाऱ्याची स्थिति काय? अन्य कामासाठीं वॉशिंग्टनला उतरलेल्या रपेल्टना ही वार्ता वर्तमानपत्रांतून कळली. साक्षीदारांस भेटावयास सरकारी मोटार मिळेना. बसनें जावें, असा सल्ला मात्र मिळाला! हा विनोद लेखकानें ओढून आणलेला नाहीं, म्हणूनच तो झोंबतो.

२९ जुलैला जनरल सॅमफोर्ड ह्यांनीं पत्रकारांपुढें हवेंतील उष्ण-थंड थरांच्या उलटापालटीचें कारण सुचविलें. रपेल्ट तें सर्वस्वीं नाकारीत नाहींत. असे थर त्या उन्हाळ्यांत जवळजवळ रोजच होते, ठिपके मात्र मोजक्याच रात्रीं उमटले, एवढेंच ते नोंदवितात. येथें त्यांची लेखणी आदर्श वाटते. पुरावा जेथें थांबतो, तेथें वाक्यहि थांबतें.

दुर्दैवानें पुढील सुधारित आवृत्तींत हा संयम सुटला. जुनीं सतरा प्रकरणें तशींच ठेवून त्यांनीं तीन नवीं जोडलीं, आणि त्यांत हें सारें केवळ आधुनिक युगाची दंतकथा ठरविलें. मत बदलणें हा दोष नव्हे. तो प्रामाणिकपणाहि असूं शकेल. परंतु आधींच्या शंका जागच्या जागीं ठेवून निकाल तेवढा फिरविला, तर वाचकानें विश्वास कोणत्या पानावर ठेवावा?

ह्याउलट आपल्याकडील एक उदाहरण पाहावें. २०१२ मध्यें लडाखच्या सीमेवर आपल्या सैनिकांना दिवे दिसूं लागले. चिनी टेहळणीची शंका आली. भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या ज्योतिर्विदांनीं तपासून ते गुरु व शुक्र असल्याचें दाखविलें. त्यांत सैनिकांस कमीपणा नाहीं. पाहिलेलें टिपून तें जाणत्यांपुढें ठेवलें, म्हणूनच उलगडा झाला.

बोनकोड्याच्या माझ्या गच्चीवरून खाडीपलीकडे मावळता शुक्र पाहून शेजारचीं मुलें “सर, तें काय?” असें विचारतात. ठाऊक असेल तेव्हां सांगतों. नसेल तेव्हां वेळ व दिशा लिहून ठेवा म्हणतों. रपेल्टच्या पहिल्या सतरा प्रकरणांपासून मीं घेतलेला धडा हाच. शेवटचीं तीन वाचूनहि तो मला सोडावासा वाटत नाहीं.