पानांचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतो आणि जुन्या वहीवरून एकदा नजर फिरवतो. येणे किती, देणे किती, बुडाले किती, हे त्या दिवशी तरी त्याला स्वतःशी कबूल करावे लागते. आपल्या घरात रोज सकाळी येणाऱ्या वर्तमानपत्राची वही मात्र आपण कधी उघडीत नाही. महिन्याचे बिल दिले, रद्दी विकली, की आपला त्याच्याशी असलेला व्यवहार संपला असे आपण धरून चालतो. या दिवाळीला फराळाचे ताट बाजूला सारून ती वही थोडी उघडावी, असा माझा विचार आहे.

मी हे सौंदडला बसून लिहीत आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग आणि मुंबई-कोलकाता महामार्ग, दोन्ही येथून जातात. तेव्हा जगाची वर्दळ आमच्या दारावरून होते असे म्हणायला हरकत नाही. या मुलखावर राज्ये मात्र किती बदलली! मध्यप्रांत झाला, मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आले, १९६० मध्ये महाराष्ट्र आला आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. बदलले नाही ते एकच: आम्ही नागपूरची बातमी वाचतो, नागपूर आमची क्वचित वाचते. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर नाटक होते. त्या मंडईत पान खाता खाता जे कळते ते दुसऱ्या दिवशीच्या पत्रात शोधावे, तर तेथे त्याचा मागमूस नसतो. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

'सरकार दाबते' हे त्याचे सोपे उत्तर आहे. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी आपले प्रजासत्ताक अगदी कोवळे होते त्या काळात जावे लागेल.

२६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि चारच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयापुढे मुद्रणस्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहिला. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली होती. न्यायालयाने ती रद्द ठरवली. यावर सरकारने काय करावे? १९५१ मध्ये घटनेची पहिलीच दुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्यावर बंधने घालण्याची कारणे वाढवली. त्या दुरुस्तीत बंधने 'वाजवी' असावीत हा शब्दही आला आणि तो पुढे नागरिकाच्या फार उपयोगी पडला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीसुद्धा घरात पाळणा हलतो न हलतो तोच बाळाच्या हातातले खेळणे काढून घ्यावे, तसाच तो प्रकार होता.

याच सुमारास, १९५२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. त्याने १९५४ मध्ये अहवाल दिला. या आयोगाची दृष्टी मला आजही महत्त्वाची वाटते. वृत्तपत्राला सरकारचे भय असते तसेच पैशाचेही असते, हे त्याने ओळखले होते. मोठे पत्र जाहिरातींच्या बळावर पुष्कळ पाने थोड्या किमतीत देते. तेवढी पाने तेवढ्या किमतीत देणे छोट्या पत्राला जमत नाही, आणि ते मरते. यावर तोड म्हणून किमतीच्या प्रमाणात पाने ठरवून द्यावीत, अशी सूचना पुढे आली. १९५६ मध्ये तसा कायदा झाला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला.

हेतू चांगला होता. पण हत्यार सरकारच्या हाती होते, आणि त्याची धार आली ती एका मराठी पत्रावर. पुण्याचा 'सकाळ' नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेला. त्या वेळी तो आठवड्याचे पाच दिवस सहा पानी व एक दिवस चार पानी निघे. म्हणजे रविवार सोडून चौतीस पाने, आणि अंकाची किंमत सात नवे पैसे. नव्या आदेशाप्रमाणे सात पैशांत चोवीस पानेच देता येणार होती. चौतीस द्यायची तर किंमत आठ पैसे करायला हवी होती. एक पैसा तो काय, असे आज कोणी म्हणेल. परंतु त्या काळी घरखर्चात एकेक पैसा मोजला जात होता, आणि पैशाने महाग झालेले पत्र बंद करणारी घरे थोडी नव्हती.

'सकाळ' न्यायालयात गेला. पण या खटल्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मालकाबरोबर 'सकाळ'च्या वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते. आपले पत्र आपल्याला मिळते तसे मिळत राहावे, यासाठी वाचक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढले! मराठी वाचकाच्या इतिहासात हे पान सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवे होते. आपण ते कायद्याच्या पुस्तकात ठेवून विसरून गेलो.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी. १९१२ च्या काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांचे हे चिरंजीव. म्हणजे आमच्या विदर्भातलेच. निकालाचा गाभा साध्या शब्दांत सांगता येतो. पाने कमी केली तर मजकूर कमी होतो. किंमत वाढवली तर वाचक कमी होतात. दोन्हीकडून विचाराच्या प्रसारालाच कात्री लागते. कोणी किती लोकांपर्यंत पोचावे हेही भाषणस्वातंत्र्यातच येते. वृत्तपत्र हा धंदाही आहे, म्हणून लोकहिताच्या नावाखाली त्याच्या बोलण्यावर बंधन घालता येणार नाही. आणि एकाला वाढू द्यायचे म्हणून दुसऱ्याचे तोंड बांधता येणार नाही. कायद्याचे ते कलम आणि तो आदेश, दोन्ही घटनाबाह्य ठरले.

निकाल योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पाने मोजण्याची मुभा एकदा सरकारला दिली, की शब्द मोजण्याची वेळ फार दूर राहत नाही. १९७२ मध्ये कागदाच्या टंचाईचे कारण सांगून दैनिकांना दहा पानांची मर्यादा घातली गेली, तीही न्यायालयाने याच वाटेने जाऊन मोडली. आणि १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली, सेन्सॉर आला, तेव्हा शब्द मोजणारे लोक छापखान्याच्या दाराशी कसे उभे राहतात ते आपण सर्वांनी पाहिले. १९६६ मध्ये स्थापन झालेली वृत्तपत्र परिषदही त्या काळात मोडीत निघाली; ती पुन्हा उभी करण्यासाठी १९७८ चा कायदा व्हावा लागला.

तेव्हा औषध नाकारले ते बरोबरच झाले. परंतु औषध नाकारले म्हणून रोग गेला असे थोडेच होते? आयोगाने १९५४ मध्ये ज्या रोगावर बोट ठेवले होते, तो जाहिरातीच्या पैशाचा रोग तसाच अंगात राहिला आणि वाढत गेला. पाने मोकळी राहिली. ती कोण भरणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत त्याचे उत्तर मिळाले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी पत्रांत एकाच नेत्याच्या स्तुतीचा मजकूर, काना-मात्रेचाही फरक न करता, बातमी म्हणून छापून आला. पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणले. वृत्तपत्र परिषदेने दोघांची समिती नेमली. समितीने २०१० मध्ये एकाहत्तर पानांचा, नावानिशीचा अहवाल दिला. मग परिषदेने काय करावे? तो बाजूला ठेवून स्वतःचा लहानसा अहवाल काढला. मूळ अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांपुढे आला. ज्या पानांसाठी १९६१ मध्ये वाचक न्यायालयात गेले, त्याच पानांचा लिलाव झाला. आणि त्या लिलावाची कथा सांगणारी पाने वृत्तपत्रांच्याच परिषदेने दडवली. यात सरकारने कोणावर जबरदस्ती केली नव्हती, हे लक्षात घ्यावे.

मोठ्या शहरातला हा रोग खेड्यात कसा दिसतो, ते सांगतो. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास धान निघते आणि खरेदी केंद्रे उघडतात. मागे एका केंद्रावर शेतकऱ्यांकडून पोत्यामागे जादा धान तोलून घेत होते. बैलगाडी आणि ट्रॅक्टर घेऊन रात्र रात्र थांबलेली माणसे कुरकुरत होती. मंडईत दुसरा विषय नव्हता. एका पत्राचा बातमीदार माझ्या ओळखीचा. मी त्याला म्हटले, "बापू, हे लिहीत का नाहीस?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मले का मालूम नाही? पन पुरवनीच्या जाहिराती मी कोनापासून आनू?" मला उत्तर देता आले नाही. त्याला पगार असा नाहीच. मिळते ते जाहिरातीवरचे कमिशन. दिवाळीच्या पुरवणीसाठी जेवढ्या जाहिराती आणायला सांगितलेले, तेवढ्या आणल्या नाहीत तर दुसरा माणूस तयार आहे. आणि तालुक्याला जाहिरात देतो कोण? ज्याच्याविरुद्ध लिहायचे तोच, नाहीतर त्याचा मेहुणा. या पोराच्या लेखणीवर सेन्सॉर नाही, खटला नाही, बंदी नाही. तरी ती चालत नाही. घटनेने दिलेले स्वातंत्र्य नागपूरपर्यंत गाडीने येते. तेथून सौंदडपर्यंत त्याला कोणी तिकीट काढून देत नाही.

आणि ज्याची लेखणी चालते त्याचे काय होते? कोकणात राजापूरला शशिकांत वारिशे नावाचे बातमीदार नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची बातमी छापून आली. त्याच दिवशी एका गाडीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केलेला होता. पण कायदा मुंबईच्या विधानभवनात असतो आणि बातमीदार आडगावच्या रस्त्यावर असतो.

याचा अर्थ सरकारचा हात आखडला असे मात्र नव्हे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी खोटे काय आणि दिशाभूल करणारे काय, हे सरकारच्याच विभागाने ठरवावे असा नियम २०२३ मध्ये निघाला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचे मतभेद झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्यांचे, न्यायमूर्ती अतुल चांदूरकरांचे मत नियमाविरुद्ध पडले आणि तो रद्द झाला. चांदूरकरही नागपुरात वकिली केलेले. १९६१ आणि २०२४, दोन्ही वेळा विदर्भाशी नाते असलेल्या न्यायमूर्तीच्या हातून हे काम व्हावे, याचा आम्हाला अभिमान वाटला तर वाचकांनी तो क्षम्य मानावा. पण अभिमानाने बातमी छापली जात नाही.

कोणी म्हणेल, आता पत्रे हवीत कशाला? प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, बातमी सेकंदात येते. येते खरी, पण ती कोणी पाठवली, कोणी तपासली, खोटी निघाली तर जाब कोणाला विचारायचा, हे तिच्याबरोबर येत नाही. त्या जादा तोललेल्या धानाची गोष्टही फोनवर फिरलीच होती. आठ दिवसांत ती देवदर्शनाच्या चित्रांखाली गाडली गेली. बातमीच्या मागे एखादे नाव, एखादा पत्ता आणि रोजची चिकाटी लागते. हे खेड्यातून जमत नाही असेही नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' सुरू केला. आधी सोमठाणे आणि मग तरवडी, अशा नगर जिल्ह्यातल्या लहानशा खेड्यांतून तो त्यांनी १९६७ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत चालवला. त्यांच्यामागे भांडवलदार नव्हता, वर्गणीदार होते. मला वाटते, सगळे मर्म या एका शब्दात आहे.

वर्गणीदार म्हणजे नुसते गिऱ्हाईक नव्हे. छपाईचा खर्च एका अंकामागे जेवढा येतो त्याहून कमी पैशांत आपण पत्र घेतो, आणि उरलेले पैसे कोणी दिले हे विचारीत नाही. ज्याने दिले त्याची बातमी मग आपल्याला मिळत नाही, इतका सरळ हा हिशेब आहे. हा दिवाळी अंकही त्याला अपवाद नाही. याच्या पानापानांवर जाहिराती आहेत, आणि त्यांच्याशिवाय तो तुमच्या हाती पडता ना. म्हणून मी दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होत नाही.

न्यायालयाने सरकारचा हात दूर केला. पैशाचा हात दूर करणे न्यायालयाच्या हातात नाही. ते वाचकाच्या हातात आहे. १९६१ मध्ये आपल्या पत्राची पाने कमी होतात म्हणून वाचक दिल्लीला गेले. आज आपल्याला दिल्लीला जायला नको. पत्र दोन रुपयांनी महाग झाले तर कुरकुर न करता घ्यावे. आपल्या गावची दडपलेली बातमी दिसली तर संपादकाला स्वतःच्या नावानिशी पत्र टाकावे. आणि गावातला जो पोरगा खरे लिहितो, त्याच्या मागे चार माणसे उभी आहेत एवढे तरी त्याला कळू द्यावे. त्या वर्षी मीही खरेदी केंद्राविषयी संपादकाला पत्र लिहिले नाही. बातमीदाराला विचारले, आणि घरी येऊन चिवडा खाल्ला. माझ्या वहीतली ही बुडीत बाकी आहे. या वर्षीचे धान अजून केंद्रावर जायचे आहे; या वेळी मी तोलाई पाहायला जाणार आहे, आणि जाताना पोस्टाचे पाकीट बरोबर नेणार आहे.